काटाबाईची लाल वायर

आधीच सांगून टाकतो, मला ती बाई आवडत नव्हती. आजही आवडत नाही. तिच्याविषयी सांगायला बसलोय म्हणून कोणी भलता समज करून घेऊ नये.

सिमेंटच्या कारखान्याच्या फाटकाशी ट्रक तोलायचा वजनकाटा आहे, त्याच्यावर तिने चौतीस वर्षं काढली. ट्रक काट्यावर उभा राहिला की खिडकीतून आधी तिचा चष्मा बाहेर यायचा. पहिल्यांदा टायर बघायची, मग ड्रायव्हरचं तोंड, आणि सगळ्यात शेवटी आकडा. सगळे तिला काटाबाई म्हणायचे, पण तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. वजनाची चिठ्ठी दोन प्रतींत लिहायची, मध्ये कार्बन. एक प्रत काट्याची, एक ड्रायव्हरची. एकदा लिहिलेलं ब्रह्मदेवाचा बाप आला तरी बदलायचं नाही. चूक झालीच असेल तर एकच वाट. ज्याची चूक त्याने चारचौघांत खिडकीशी यायचं, चुकीच्या शब्दावर एक रेघ मारायची, शेजारी खरं काय ते लिहायचं आणि खाली सही करायची. खाडाखोड नाही आणि फाडाफाडही नाही.

माझे वडील त्या रांगेतले ड्रायव्हर. रिकामा ट्रक तोलताना सीटखाली दगड भरून ठेवायचे आणि आत गेलं की टाकून द्यायचे. तेवढं सिमेंट जास्त भरता येतं ना! एकदा हिने टायर बघितले आणि म्हणाली, "खाली उतर." वीस ट्रक मागे उभे असताना तिने वडिलांना एकेक दगड बाहेर काढायला लावला. मग म्हणाली, "रेघ मार, सही कर आणि जा. वर कळवणार नाही." वडिलांनी सही केली नाही. नोकरी गेली, आणि पुढे घरात जे व्हायचं ते सगळं झालं. लबाडी वडिलांची होती, मला काय कळत नाही? पण बाप तो बाप. त्या दिवसापासून ही बाई माझ्या डोक्यात जी बसली ती बसलीच.

आता मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. नवीन गाड्यांचे मिस्त्री गल्लोगल्ली मिळतील, पण जुन्या गाड्यांच्या विजेला हात लावणारा या भागात मी एकटाच. त्यामुळे निवृत्त होऊन बारा वर्षं झाल्यावर, एका सकाळी, तिला तिची ती गोल दिव्यांची जुनी गाडी घेऊन माझ्याच दारात यावं लागलं. मला तर मनातून उकळ्या फुटत होत्या.

काच खाली करून पहिलं वाक्य काय? "तू त्या दगडवाल्याचा मुलगा ना?"

"हो. आणि तुम्ही त्या काटाबाई."

"नुसतं बाई म्हण. बॅटरी उतरते. का उतरते ते सांग. दोन मिस्त्री झाले, दोघंही गाढव."

"आणि आता तिसऱ्याकडे आलात. गाढवांची आवड दिसते."

तिने मला खालून वर बघितलं, टायरपासून. मग गाडीतून उतरली. गुडघे दुखत असावेत, कारण दाराला धरून थोडा वेळ उभी राहिली. पण मदतीला पुढे झालेला माझा हात तिने माशी हाकलावी तसा बाजूला केला.

दोष शोधायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. गाडीत डायनामो होता. डायनामो म्हणजे असा कामगार, जो पळत असला तरच काम करतो. गाडी वेगात असली की वीज करणार, सिग्नलला थांबली की हात वर. पूर्वी रस्ते मोकळे होते, भागायचं. आता दर पावलाला थांबायचं, त्यात दिवे लावायचे, वायपर लावायचा. सगळं बॅटरीतून जातं आणि परत काही येत नाही. तिच्या गाडीचा हॉर्नसुद्धा आजाऱ्याने हाक मारावी तसा वाजत होता. उपाय एकच, डायनामो काढून अल्टरनेटर बसवायचा. तो गाडी जागेवर उभी असली तरी बॅटरी भरतो.

"बसवला की बंद पडणार नाही?" तिने विचारलं.

"नाही पडणार."

"नक्की?"

"अहो बाई, नाही म्हणतोय ना!"

तेव्हा तिने पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. ती भाच्याच्या घरात राहायची. भाच्याला गाडीची शेड हवी होती, तिथे त्याला ऑफिस थाटायचं होतं. गाडी रस्त्यात दोनदा बंद पडून ओढून आणावी लागली, तेव्हा दोघांनी लिहून घेतलं होतं, खाली दोघांच्या सह्या: गाडी यापुढे एकदा जरी स्वतःच्या दोषाने रस्त्यात बंद पडली, तर आत्या किल्ली देईल आणि गाडी विकली जाईल.

"एवढं काय त्या गाडीचं?" मी म्हटलं. "बसने फिरा."

"माझी धाकटी बहीण खाणीपलीकडच्या वृद्धाश्रमात आहे. बस तिथवर जात नाही. शेवटच्या थांब्यावरून दोन किलोमीटर चढ आहे." हे सगळं तिने वजनाचा आकडा सांगावा तसं सांगितलं. "ती आता कोणाला ओळखत नाही. मलाही नाही. हॉर्न ओळखते. ही गाडी आम्ही दोघींनी मिळून घेतली होती. दोन छोटे, एक लांब वाजवला की फाटकाशी येऊन उभी राहते. गेल्या दोन बुधवारी हॉर्न नीट वाजला नाही. ती आली नाही."

"मग?"

"मग काय? आत जाऊन बसले परक्या बाईसारखी. काम कधी सुरू करतोस?"

काम तीन दिवस चाललं, आणि तीनही दिवस ती माझ्या दुकानात स्टूल टाकून बसली. मी ब्रॅकेट घासतोय, तर म्हणे वाकडं आहे. पट्टा सरळ धावावा म्हणून पुलीमागे वॉशर टाकतोय, तर म्हणे अजून एक टाक. (टाकावा लागला, आणि त्याचाच मला जास्त राग आला.) मी चहा मागवला तर म्हणाली, "काम कमी आणि चहा फार." मी म्हटलं, "काट्यावर बसल्या नाही आहात तुम्ही." ती म्हणाली, "काट्यावर असते तर तुला केव्हाच परत पाठवला असता."

आता मुद्द्याची गोष्ट नीट ऐका. जुन्या काळच्या काही गाड्यांची तऱ्हाच उलटी असते. बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या पत्र्याला, म्हणजे आमच्या भाषेत बॉडीला, आणि मायनस वायरिंगला. डायनामोला ते चालतं. अल्टरनेटरला मायनसच बॉडीला लागतं. चुकून उलटं लावलं तर आतले डायोड त्याच क्षणी जळतात, आणि मग तो नुसता फिरतो, वीज करत नाही. मी सगळं बदललं. बॅटरीच्या वायरींना नवे क्लॅम्प टाकले, अल्टरनेटरपासून जाड वायर ओढली, मध्ये मोठा फ्यूज घातला. राहिली एक गोष्ट. बॉडीला जाणाऱ्या वायरीच्या टोकाला कोणीतरी लाल रंग लावला होता. चकचकीत, थरावर थर. ती प्लसची वायर म्हणून खूण. आता ती मायनसला जाणार, म्हणजे रंग खरवडायलाच हवा. मी पॉलिश पेपर हातात घेतला.

"त्याला हात लावायचा नाही!" स्टुलावरून आवाज आला.

"अहो पण..."

"गाडी कोणाची?"

"तुमची."

"मग रंगाला हात लावायचा नाही."

मी मनात म्हटलं, मर मग. का खरवडायचा ते सांगायला दोन वाक्यं लागली असती. पण तीन दिवस त्या बाईने माझं डोकं पिकवलं होतं. मी पॉलिश पेपर फेकला आणि बॉनेट खाली आपटलं.

जाताना तिने पर्समधून वही काढली. अजून तशीच, दोन प्रतींची, मध्ये कार्बन. "काय काय बदललंस ते एकेक सांग. लिहून घेते. खाली सही कर."

"सांगून कळणार आहे का तुम्हाला?" मी म्हटलं. "चालवा आणि गप बसा. आणि सहीचं म्हणाल, तर आमच्या घराण्यात सही करत नाहीत. तुम्हाला ठाऊक आहे."

तिने वही मिटली. मी जिंकलो असं मला वाटलं.

तीन आठवडे गाडी झकास चालली. बुधवारी माझ्या दुकानावरून जाताना ती मुद्दाम हॉर्न वाजवायची, दोन छोटे, एक लांब. दुकानातल्या पाना-पक्कडी थरथरतील असा दणदणीत. माझ्याकडे मात्र ढुंकून बघायची नाही. तिच्या भाच्याची बायको स्कूटरचा दिवा बदलायला आली होती, ती म्हणाली, "दादा, काय केलंत हो? आत्या हल्ली बुधवारी हसत घरी येतात. आम्हाला भीती वाटते."

म्हणजे बहीण फाटकाशी येत होती. मला बरं वाटलं. हो, वाटलं बरं, खोटं कशाला बोलू!

चौथ्या बुधवारी सकाळी भाच्याचा फोन आला. "खाणीच्या रस्त्यावर चौकात गाडी बंद पडली आहे. ताबडतोब या."

धुकं होतं. चौकात मधोमध ती गाडी, मागे सिमेंटच्या ट्रकची रांग आणि सगळे हॉर्न वाजवतायत. कोणीतरी ओरडलं, "काटाबाई, वजन जास्त झालं वाटतं!" आणि मागचे हसले. ती गाडीशेजारी ताठ उभी होती. भाचा फोनवर बोलत होता. मी बॉनेट उघडलं.

लाल टोकाची वायर प्लसवर होती.

क्षणात सगळं कळलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी ही बाई बॅटरीच्या वायरी काढायची, टोकं गरम पाण्याने धुवायची, व्हॅसलीन लावून परत जोडायची. चाळीस वर्षांची सवय. दोन्ही वायरी दोन्ही टोकांना पोचायच्या. लाल वायर प्लसला, तिच्या हाताला तेच माहीत. जोडताना थोडी ठिणगी उडाली असेल, ती नेहमीच उडते. फ्यूज उडाला, डायोड गेले, पण गाडी सुरू झाली, कारण बॅटरी भरलेली होती. मग धुक्यात दिवे लावून, वायपर लावून, नुसत्या बॅटरीवर निघाली ती चौकापर्यंत. स्टिअरिंगसमोरचा चार्जिंगचा लाल दिवा पेटला असणार. पण डायनामोच्या काळात गाडी हळू झाली की तो पेटायचाच, त्याच्याकडे कोण बघतं? आता तो पेटला तर थांबायचं, हे तिला सांगायला हवं होतं. कोणी सांगायचं? मीच.

मी काय केलं सांगू? बॉनेटच्या आड वाकून मी वायरी गुपचूप उलट्या केल्या. मग सरळ उभा राहिलो आणि हात पुसले.

"काय झालं?" भाच्याने विचारलं.

"जुनी गाडी आहे साहेब. जुनं वायरिंग. असं होतंच."

काटाबाईने वही काढली होती. "कारण?"

"सांगितलं ना, जुनं वायरिंग."

"म्हणजे दोष गाडीचा?"

मागे ट्रकवाले, शेजारी भाचा, समोर ती. अठ्ठावीस वर्षांचं माझं नाव. आणि हिच्यासमोर, भर रस्त्यात, ट्रकच्या रांगेत रेघ मारून सही करायची? माझ्या बापाने केली नाही.

"गाडीचाच," मी म्हटलं.

"हेच लिहू?"

"लिहा."

"परत विचारते. हेच लिहू?"

"किती वेळा विचाराल हो! लिहा!"

तिने लिहिलं. मग किल्ल्यांच्या जुडग्यातून गाडीची किल्ली काढायला लागली. कडी घट्ट होती, तिच्या नखाला जमेना. भाचा म्हणाला, "राहू दे आत्या, घरी बघू." तिने ऐकलं नाही. पाच मिनिटं सगळे हॉर्न वाजवत असताना तिने किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. मी तिथून निघालो, कारण मला तिथे उभं राहवेना.

सहा दिवसांत गाडी विकली. जुन्या गाड्या जमवणारा कोणी लांबच्या शहरातला गृहस्थ होता, त्याने माणसं पाठवून ट्रकवर चढवून नेली. मी स्वतःला समजावत होतो की म्हातारपणी गाडी चालवू नयेच, एका परीने बरंच झालं. हे मी बायकोला सांगितलं. तिने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "मला कशाला सांगताय? मी विचारलं का?"

मग भाच्याची बायको परत आली, स्कूटरच्या ब्रेकसाठी. मी काही विचारलं नव्हतं, तीच बोलायला लागली. "काल आत्या बसने गेल्या आश्रमात. चढ चढून गेल्या. धाकट्या आत्या फाटकाशी आल्याच नाहीत. तिथला वॉचमन ह्यांना फोन करून सांगत होता, तुमच्या बाई फाटकाबाहेर उभ्या राहून तोंडाने हॉर्न वाजवतायत, येऊन घेऊन जा."

मी ब्रेकची तार पिळत राहिलो.

"गाडी नेली तेव्हा फक्त बॅटरीची ती लाल वायर मागून घेतली त्यांनी," ती म्हणाली. "धाकट्या आत्यांची नेलपॉलिश आहे ती. गाडी घेतल्यापासून दर वर्षी एक हात मारायच्या. चुकीची वायर कोणी लावू नये म्हणून."

तार कधीच तुटली होती, मी तरी पिळतच होतो.

संध्याकाळी मी गेलो. शेडमध्ये भाच्याचे सुतार काम करत होते. ती आतल्या खोलीत खुर्चीवर बसली होती, टेबलावर ती वायर. मला बघून म्हणाली, "काय राहिलंय आता?"

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. प्लस, मायनस, डायोड, लाल रंग, बॉनेटच्या आड वायरी उलट्या केल्या तेही. बोलताना माझा आवाज चढत गेला, जणू तिच्याशी भांडायलाच आलो होतो.

"म्हणजे मीच लावली," शेवटी म्हणाली. "माझ्या हाताने."

"मी सांगितलं असतं तर लावली नसती."

"नाही. नसती लावली." आणि मग एकदम तिचा तोल गेला. "दोन वाक्यं होती रे मेल्या! दोन वाक्यं! तीन दिवस तोंडाला तोंड देत होतास माझ्याशी, त्यातली दोन वाक्यं कामाची बोलला असतास तर तुझी जीभ झडली असती?"



भाचा दारात येऊन उभा होता, त्याने सगळं ऐकलं होतं. माणूस वाईट नाही तो. तिथल्या तिथे गाडी नेणाऱ्या त्या गृहस्थाला फोन लावला. त्याने गाडी रंगवायला खोलून ठेवली होती, इंजिन एकीकडे आणि दारं एकीकडे. परत देणार नाही म्हणाला. भाच्याने फोन ठेवला आणि आत्याकडे न बघता शेडकडे निघून गेला. थोड्या वेळाने सुतारांचं ठोकणं थांबलं.

काटाबाईने वही काढली आणि ते पान उघडलं. मी "गाडीचा दोष" यावर रेघ मारली. शेजारी लिहिलं, "मिस्त्रीची चूक. सांगितलं नाही." खाली सही केली. तिने चष्मा लावून सगळं वाचलं, कार्बन नीट उमटलाय का ते बघितलं, आणि खालची प्रत फाडून मला दिली.

"ड्रायव्हरची," म्हणाली. "आता जा."

पुढच्या बुधवारी मी दुकान उघडलं नाही. माझी व्हॅन घेऊन बसच्या थांब्यावर गेलो. ती काठी टेकून उभी होती, हातात एक पिशवी. पिशवीतून ते लाल टोक बाहेर दिसत होतं.

"बसा," मी म्हटलं. "वरपर्यंत सोडतो. दर बुधवारी सोडेन."

तिने व्हॅनकडे बघितलं. आधी टायर, मग माझं तोंड.

"ह्याचं वायरिंग कोणी केलंय?"

"मीच."

"मग नको," ती म्हणाली, आणि बस येते का ते बघायला लागली.